रक्तातली एन्झाइम्स आणि तोंडाचा कर्करोग

गालात पांढरा चट्टा उठलेला असतो, जखम महिना झाला तरी भरत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही. डॉक्टर तुकडा काढू म्हणाले की रुग्ण विचारतो, "रक्त तपासून नाही का कळणार?" आज या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की कर्कपेशींच्या घोळक्याभोवती पुष्कळदा गोल, गडद निळ्या ठिपक्यांची दाटी दिसते. त्या लिम्फोसाइट, आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. म्हणजे त्या तिथवर पोचलेल्या असतात. मग काम का करत नाहीत?

याचं एक कारण ॲडेनोसिन. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेल्या एटीपी या रेणूपासून गाठीतली दोन एन्झाइम्स हे रसायन तयार करतात, आणि त्याचा असर झाला की लिम्फोसाइट मंदावते. या ॲडेनोसिनची विल्हेवाट लावणारं एन्झाइम म्हणजे एडीए. ज्यांच्या घरी कुणाच्या छातीत पाणी झालं होतं, त्यांनी हे नाव ऐकलं असेल. क्षयाची शंका आली की त्या पाण्यातलं एडीए तपासतात. 1972 साली अमेरिकेत एलोइझ गिब्लेट यांना प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या दोन बालकांच्या रक्तात हे एन्झाइम सापडलंच नाही. त्याचं महत्त्व तेव्हा जगाला कळलं.

दुसरं कारण आर्जिनेज हे एन्झाइम. लिम्फोसाइटला वाढायला लागणारं आर्जिनिन ते फोडून टाकतं आणि तिची उपासमार करतं.

तिसरं कारण आयडीओ हे एन्झाइम, ते लिम्फोसाइटला लागणारं ट्रिप्टोफॅन संपवतं. याची हकीकत मला फार विलक्षण वाटते. आईचं शरीर गर्भाला परकं समजून झिडकारत नाही, त्यात याच एन्झाइमचा हात असल्याचं 1998 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. बाळासाठी असलेलं हे संरक्षण कर्करोगाची गाठ स्वतःसाठी वापरते.

ही एन्झाइम्स किंवा त्यांनी तयार केलेले पदार्थ रक्तात मोजता येतात. पण एडीए क्षयातही वाढतं, यकृताच्या आजारातही, टायफॉइडमध्येही. तेव्हा चट्टा कर्करोगाचा आहे की नाही, हे रक्तातल्या या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी तुकडाच काढावा लागतो, आणि तो वेळेवर काढू द्या. तुकडा काढल्याने रोग पसरतो या भीतीपायी लोक मोलाचे महिने घालवतात.

रोगाचं निदान झाल्यावर मात्र, प्रतिकारशक्ती कितपत दबली आहे याचा अंदाज या आकड्यांवरून बांधता येईल का, यावर संशोधन चालू आहे. वाट सोपी नाही. आयडीओला अडवणारं एक औषध 2018 मध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत निष्फळ ठरलं.

उलट मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीने आशा दाखवली. निव्होलुमॅब हे लिम्फोसाइटवरचा लगाम सोडवणारं महागडं औषध. डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात, नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, ते तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला दिलं. वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण शेकडा 16 वरून 43 वर गेलं. पूर्ण मात्रेचा खर्च झेपणारी घरं आपल्याकडे फार थोडी, म्हणून या निकालाचं मोल मोठं आहे.

पण उरलेल्या रुग्णांना हे औषध का लागू पडलं नाही, आणि कुणाला लागू पडेल हे उपचार सुरू होण्याआधी सांगता येईल का? रक्तातल्या या एन्झाइम्सची खरी कसोटी तिथे लागणार आहे.