राजसत्ता, उपासना आणि भाकितें
(महोत्सवाच्या सायंसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवांत गतकाळाचा आढावा घ्यावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे व राज्यकर्त्यांचें अभीष्ट चिंतावें, अशी जुनी रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु आभार मानतां मानतां वक्त्याची जीभ कशी घसरते, याचें एक फार प्राचीन उदाहरण इतिहासांत आहे; आणि तेंहि एका महोत्सवी भाषणाचेंच आहे. आज तेंच आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम त्या भाषणापूर्वींची स्थिति पाहूं. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनीं रोमच्या सम्राटास उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बचावाचें निवेदन लिहिलें. त्यांत आपल्या उपासनेचें वर्णन आहे. रविवारीं नगरांतले व खेड्यांतले लोक एकत्र जमत. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जात. मग प्रमुख उपदेश करी. भाकर, द्राक्षारस व पाणी आणलें जाई. उपकारस्तुति होई आणि लोक 'आमेन' म्हणत. जे येऊं शकले नसतील त्यांचा वांटा घरीं पोंचविला जाई. ऐपतदार लोक स्वेच्छेनें दान देत, आणि त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांचा सांभाळ होई. आपल्या मिस्साबलिदानाचा सारा गाभा येथें आहे. राजसत्तेची मात्र त्यांत एक कवडीहि नाहीं. उलट, जस्टिन हे पुढें रक्तसाक्षी झाले.

त्या छळाच्या काळांत भाकितांचा अर्थहि तसाच केला जाई. दानीएलाच्या दर्शनांतील चौथें श्वापद म्हणजे रोमचें राज्य, असें संत हिपोलितस यांनीं तिसऱ्या शतकाच्या आरंभीं लिहिलें. तरीहि सम्राटासाठीं आम्ही प्रार्थना करतों, असें त्याच सुमारास तर्तुल्लियन आवर्जून सांगतो. राजाला देव मानावयाचें नाहीं, आणि त्याच्यासाठीं प्रार्थनाहि सोडावयाची नाहीं, असा तो तोल होता.

पुढें काळ पालटला. ३१३ सालीं सम्राट कॉन्स्टंटाइन व लिसिनियस यांनीं धर्मस्वातंत्र्य दिलें. ३२१ च्या मार्च महिन्यांत कॉन्स्टंटाइननें रविवारच्या सुटीचा कायदा केला. त्यांत त्या दिवसाला सूर्याचा पूज्य दिवस असें म्हटलें होतें. न्यायाधीशांनीं व नगरवासीयांनीं त्या दिवशीं काम बंद ठेवावें, असा हुकूम होता. शेतकऱ्यांस मात्र मोकळीक होती, कारण पेरणीची योग्य घडी दवडली तर ती पुन्हां हातीं येत नाहीं. मृगाचा पाऊस आणि वाफसा यांची वाट पाहणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला या सवलतीचें मर्म समजावून सांगावयास नको! बॅसिलिका ही मूळची दरबाराची व न्यायदानाची इमारत. तिच्याच घाटावर देवळें उभीं राहिलीं. धर्मगुरूंचा मिस्सेचा झगा रोमन नागरिकांच्या अंगरख्यापासून आला. यांत वाईट कांहींच नाहीं. राजानें दिलेलें छप्पर देवाच्या कामीं लावणें हें शहाणपणाचेंच आहे.

परंतु ३३६ सालीं सम्राटाच्या राज्यारोहणास तीस वर्षें झाल्याचा महोत्सव कॉन्स्टंटिनोपल येथें झाला, आणि कैसरियाचे बिशप युसेबियस यांनीं भाषण केलें. स्वर्गांत जसा एक देव तसा पृथ्वीवर एक राजा, असा त्यांचा सूर होता. परात्पराचे पवित्र जन राज्य पावतील हें दानीएलाचें वचन, सम्राटानें आपल्या पुत्रांस राज्याचे वांटेकरी केल्यानें पूर्ण झालें, असेंहि त्यांनीं सांगितलें. कालचें श्वापद आज सिंहासनावरचा संत ठरलें!

युसेबियस यांस खुशामतखोर म्हणून सोडून देणें सोपें आहे. पण तें न्याय्य होणार नाहीं. त्यांचे गुरु पॅम्फिलस हे ३१० च्या सुमारास छळांत ठार झाले होते. ज्यानें तो काळ डोळ्यांनीं पाहिला, त्याची कृतज्ञता खरीच होती. आणि कृतज्ञतेच्या भरांतच त्यांचा तोल गेला. पुढच्याच वर्षीं सम्राट वारला. सैनिकांनीं राजकुळांतील कित्येकांची कत्तल केली, आणि ३४० सालीं एक पुत्र दुसऱ्या भावाविरुद्धच्या युद्धांत पडला. भाकिताचा तो अर्थ चार वर्षेंहि टिकला नाहीं.

४१० सालीं अलारिकनें रोम लुटलें, तेव्हां राज्याबरोबर धर्महि बुडाला कीं काय, अशा शंकेनें लोक गांगरले. संत ऑगस्टिन यांनीं 'देवाचें नगर' हा ग्रंथ लिहून उत्तर दिलें: देवाचें नगर कोणत्याहि साम्राज्याशीं एकरूप नाहीं, दोन्ही नगरें जगाच्या अंतापर्यंत एकमेकांत मिसळलेलींच राहतील.

हा मोह रोमबरोबर संपला नाहीं. आपल्या भाषेच्या अंगणापर्यंत तो येऊन पोंचला. येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१६ सालीं त्यांचें 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापलें गेलें. तारणाऱ्याविषयींचीं भाकितें आपल्या लोकांनीं आपल्याच वाणींत ऐकलीं. परंतु त्याच शतकांत फादर अंतोनियु व्हिएरा हे, दानीएलानें सांगितलेलें शेवटचें राज्य पोर्तुगालचें, असें प्रतिपादीत होते. आणि १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें, प्रजेनें तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज धरावी, असा हुकूम काढला. शेवटीं काय झालें? 'ख्रिस्तपुराण' हस्तलिखितांतून टिकलें व १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हां छापलें गेलें. पोर्तुगीज सत्ता १९६१ सालीं गेली.

आपल्या वऱ्हाडानें तरी किती सत्ता पाहिल्या! अचलपूरची इमादशाही गेली, मोगल गेले, निजाम व भोसले गेले. १८५३ च्या तहानें कारभार इंग्रजांकडे आला, १९४७ सालीं तेहि गेले. १९५६ सालीं आपण मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलों. वेदीवरचें बलिदान मात्र चालूच राहिलें. नागपूर धर्मप्रांत १८८७ सालीं व अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजीं स्थापन झाला. लॅटिन मिस्सा मराठींत आली, तीहि कोणा राजाच्या हुकुमानें नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें १९६३ सालीं ती वाट मोकळी केली.

बंधुभगिनींनो, आजहि कोठें युद्ध पेटलें कीं, अमुक राष्ट्र म्हणजे प्रकटीकरणांतील श्वापद, असें सांगणारे भेटतात. निवडणूक आली कीं कोणी पुढारी तारणारा ठरतो. अशा वेळीं युसेबियस यांचें भाषण आठवावें. राज्यकर्त्यांसाठीं प्रार्थना करूं या, त्यांनीं केलेल्या उपकाराचे आभार मानूं या, अन्याय दिसला तर तोहि सांगूं या. पण देवाचें वचन कोणाच्या सिंहासनाला बांधूं नये. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत देवाचें राज्य यावें, असें आपण रोज मागतों. जें अजून मागावयाचें आहे, तें कोणत्याहि दरबारांत पूर्ण झालें असें कसें म्हणावें? आणि त्या राज्याची खूण पाहावयाची असेल, तर ती जस्टिन यांनीं वर्णिलेल्या त्या दानपेटींत पाहावी. आपल्या गांवची विधवा, अनाथ व परका यांस त्यांतून वांटा मिळतो ना, एवढेंच या महोत्सवीं वर्षांत प्रत्येकानें स्वतःस विचारावें.