बटाटा करप्यानं गेला, सुईनं घर सावरलं

आज मी खत-औषधाबद्दल नाही, क्रोशाच्या सुईबद्दल बोलणार आहे. शेतकी खात्याचा माणूस आणि सुई! हसू नका. ही गोष्ट बटाट्याच्या करप्यापासूनच सुरू होते.

मंचर-खेडकडच्या बटाटेवाल्यांना उशिरा येणारा करपा ठाऊक आहे. ढगाळ, गार हवा आणि पानांवर ओल असली, की बघता बघता हिरवं शेत काळं पडतं. १८४५ साली हाच रोग आयर्लंड देशात शिरला. तिथली गरीब कुळं बटाट्यावरच जगत. जातही बहुतेकांची एकच, लंपर. पुढच्या सात-एक वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं दगावली. लाखो लोक देश सोडून गेले.

अशा वेळी बायकांनी सुई हाती घेतली. क्लोन्स गावी १८४७ साली कॅसांड्रा हँड या बाईंनी क्रोशे शिकवण्याची सोय केली. लेस विकून धान्यापुरता पैसा घरात येऊ लागला. दुष्काळ काही त्यानं हटला नाही, पण कितीतरी चुली पेटत्या राहिल्या.

या विणकामाची युक्ती अशी, की लेस एकदम विणत नाहीत. फुलं, पानं सुटी सुटी विणतात. कुणी गुलाब करायचे, कुणी पानं. मग कापडावर नक्षी काढून त्यावर फुलं-पानं उलटी टाचायची आणि मधली जागा साखळ्यांच्या जाळीनं भरायची. टाके उसवले की कापड सुटतं, लेस हातात राहते.

भगिनींनो, सुरुवात एका गुलाबापासून करा. २० नंबरचा सुती दोरा घ्या. सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका म्हणजे खांब. वेढा न घेता घातलेला बुटका, तो मुका खांब.

१. ८ साखळ्या घालून गोल जोडा.
२. गोलात ६ खांब घाला. प्रत्येक खांबानंतर ३ साखळ्या. अशी ६ घरं होतील.
३. प्रत्येक घरात १ मुका खांब, ५ खांब, १ मुका खांब. झाल्या ६ पाकळ्या.
४. पाकळ्यांच्या मागून ५-५ साखळ्यांची ६ घरं करा. त्यांत ५ ऐवजी ७ खांब घाला. पुढच्या पाकळ्या वर उठून दिसतील.

पहिला गुलाब वाकडा होणारच. उसवा, पुन्हा विणा. दोरा काही वाया जात नाही.

आता एक सावधगिरी. आंध्रातल्या नरसापूरकडे हजारो बायका लेस विणत आल्या. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ च्या पुस्तकात दाखवलं, की नफा व्यापाऱ्यांचा आणि बायकांना मजुरी नावापुरती, कारण त्यांच्या कामाला फावल्या वेळचा उद्योग समजत. म्हणून वहीत दोऱ्याच्या खर्चाबरोबर हाताचे तासही लिहा. भाव बचत गटानं मिळून ठरवा आणि पैसा तिच्याच खात्यावर ठेवा.

बंधूंनो, तुम्हालाही दोन गोष्टी सांगतो. सगळा भार एका पिकावर, एका जातीवर टाकू नका. आणि घरची लक्ष्मी सुई घेऊन बसली असेल, तर ती रिकामी बसली आहे असं म्हणू नका.