आकाशातील आरंभरेषा

बडोद्याच्या दांडिया बाजारात, जुम्मादादा व्यायाममंदिराच्या परिसरात वाढलेल्या मुलाला हुतूतूची मध्यरेषा समजावून सांगावी लागत नाही. चढाई करणाऱ्याने दम सुरू करावयाचा तो रेषेच्या अलीकडेच. ओलांडल्यावर सुरू केला, की पंच त्याला परत पाठवितो. १९२३ मध्ये याच शहरातील हिंदविजय जिमखान्याने या खेळाचे नियम तयार केले. रेषा जमिनीवर, पंच तिच्यापाशी. म्हणून वाद झालाच तर तो पावलाभराचा.

ग्लायडरच्या शर्यतीत ही रेषा आकाशात असते. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. पुण्याजवळ हडपसर येथे १९५० मध्ये ग्लायडिंग केंद्र स्थापन झाले, त्यामुळे मराठी माणसाला ते अगदीच अपरिचित नाही. दुसरे विमान दोरीने ओढून ते वर नेते व सोडते. पुढे उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेत घिरट्या घालीत त्याने उंची मिळवावयाची. चैत्रातल्या दुपारी दांडिया बाजाराच्या गच्च्यांवर घार करते तसेच. ठरलेल्या ठिकाणांना वळसा घालून जो सर्वांत वेगाने परतेल तो विजयी.

पण सगळी ग्लायडरे एकदम वर नेता येत नाहीत. पहिले सुटल्यावर शेवटच्याची पाळी बऱ्याच वेळाने येते. म्हणून नियम असा, की शेवटचे ग्लायडर सुटून त्याला उंची घेण्यास अवधी मिळाल्यावरच रेषा खुली व्हावी. तेथून पुढे प्रत्येकाने आपल्या मर्जीने ती ओलांडावी; ओलांडेल त्या क्षणापासून त्याचा वेळ मोजला जातो.

गंमत येथेच आहे. धावण्याच्या शर्यतीत आधी निघणारा चोर ठरतो. येथे आधी निघणारा बहुधा भोळा ठरतो! चढती हवा कोठे आहे हे त्याने एकट्याने शोधावयाचे आणि मागच्यांनी त्याच्या घिरट्या पाहून थेट तेथे पोहोचावयाचे. म्हणून सगळे एकाच ढगाखाली एकमेकांवर डोळा ठेवून घुटमळत राहतात. मात्र सूर्य कोणासाठी थांबत नाही. फार उशिरा निघालेल्याची हवा वाटेतच निवते आणि त्याला कोणाच्या तरी शेतात उतरावे लागते.

ग्लायडरला उंची म्हणजे गाठीचा पैसा. ती खर्चून वेग विकत घेता येतो. पूर्वी रेषेवर १००० मीटर उंचीची मर्यादा असे व जमिनीवरचे निरीक्षक ती नजरेने तपासीत. तेव्हा वैमानिक खूप वर चढत आणि रेषेजवळ येताच झेपावून, मर्यादेखालून भन्नाट वेगाने निसटत. अनेकांनी एकाच जागी असे झेपावणे म्हणजे टकरीला आमंत्रणच. १९९०च्या दशकात उपग्रहांच्या साहाय्याने स्थान व उंची नोंदविणारे यंत्र ग्लायडरमध्ये आले आणि नजरेच्या पंचाचे काम त्याने घेतले. आता काही स्पर्धांत आरंभापूर्वीच्या उंचीवर किंवा रेषेवरील वेगावरही बंधन घालतात, ते या झेपेसाठीच.

आता दंड. जागतिक स्पर्धांच्या नियमांत एका दिवसाचे जास्तीत जास्त गुण १०००. रेषा हुकली, पण अर्ध्या किलोमीटरच्या आत हुकली, तर ५० गुण कापले जात. ५० ही रक्कम किरकोळ वाटेल. पण दोन आठवडे झुंजल्यावर पहिल्या दोघांतले अंतर कधी कधी याहूनही कमी उरते. २००५ मध्ये फ्रान्समधील सेंट ओबाँ येथे झालेल्या ग्रां प्री स्पर्धेत घुटमळण्याला वावच नव्हता. घोड्यांच्या शर्यतीप्रमाणे सर्वांनी एकाच क्षणी रेषा ओलांडावयाची. या पद्धतीत आगाऊपणा करणाऱ्याच्या वेळेत दंडाची भर पडते.

नेहमीच्या शर्यतीत नियमाने एक मुभाही ठेवली आहे. आरंभ चुकला वा मनासारखा झाला नाही, तर वैमानिकाने मागे फिरावे, पुन्हा उंची घ्यावी आणि पुन्हा रेषा ओलांडावी. हुतूतूत परत पाठविलेल्या गड्याची चढाई जाते. याची फक्त तेवढ्या वेळातली चढती हवा जाते.