कुंडीतील कोळसा



शाळेच्या ओसरीवरील रोपे तहानेने क्वचितच मरतात. मुलांनी मायेने घातलेल्या जादा पाण्यानेच ती बहुधा कुजतात, आणि बोल मात्र त्या मुलांना लागतो. मुळांनाही हवा लागते. चिकट काळी माती पाण्याने भरली की ती कोंडली जाते. यास्तव चुलीतील विझलेला लाकडी कोळसा हरभऱ्याएवढा फोडून, राख धुऊन, दहा भाग मातीत एक भाग मिसळावा. तो सच्छिद्र असून लवकर कुजत नाही व माती मोकळी ठेवतो. तळाशी नुसता थर देऊन भागत नाही. पाणी वरच्या मातीत अडूनच राहते. दगडी कोळसा सर्वथा वर्ज्य. कोळसा खत नव्हे. शेणखत घालावेच लागते. बुडाचे छिद्र बुजले असल्यास मात्र कोळसाही निरुपयोगी होय. पाणी घालण्यापूर्वी मुलाने पेरभर बोट मातीत खुपसून ओल पाहावी.