खडा, शर्करा आणि साखर

वडोदऱ्यात, अलकापुरीत नव्याने राहायला आलेलं मराठी कुटुंब वाण्याकडे साखर मागतं, आणि पुडीत खडीसाखर येते. गुजरातीत आपल्या रोजच्या साखरेला ‘खांड’ म्हणतात. ‘साकर’ म्हणजे खडीसाखर. यात वाण्याचं काही चुकत नाही. शब्दाचा जुना अर्थ त्याच्याच भाषेनं अधिक जपला आहे.

साखर आली संस्कृत ‘शर्करा’वरून, आणि शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, वाळूची कणी. पालीतल्या ‘सक्खरा’ शब्दालाही हे दोन्ही अर्थ आहेत. उसाचा रस आटला, त्याचे कडक, खरखरीत दाणे झाले, आणि दगडाचं नाव गोड पदार्थाला मिळालं. वैद्यकात मात्र जुना अर्थ टिकला. मूतखडा म्हणजे अश्मरी, आणि तिचे बारीक कण म्हणजे शर्करा, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. हीच शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि इंग्रजीत शुगर. गुजरातीतली खांडही अशीच प्रवासी. संस्कृत ‘खंड’ म्हणजे तुकडा. अरबीत त्याचा ‘कंद’ झाला आणि इंग्रजीत ‘कँडी’.

मराठीत दगडाचा अर्थ सांभाळला तो ‘खडा’ या शब्दानं. हिंगाचा खडा, मिठाचा खडा, तुरटीचा खडा, अंगठीतला खडा. लहान आणि कठीण, एवढं जुळलं की नाव तेच. बोलण्यातही तो जागोजागी भेटतो. अंदाज घ्यायला आपण खडा टाकून पाहतो, अद्दल घडली की कानाला खडा लावतो. तांदूळ निवडणाऱ्या हातांनी ‘खड्यासारखा बाजूला काढणं’ भाषेला दिलं. गुजराती शेजारी खोडी काढण्याला ‘कांकरीचाळो’ म्हणतात, त्यातही खडाच आहे.

शब्द असे शेजारी ठेवून पाहणं बडोद्याला नवं नाही. महाराजा सयाजीरावांच्या बडोदे राज्यानं 1931 साली ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा कोश प्रसिद्ध केला. कारभारातल्या शब्दांचे मराठी, गुजराती आणि इतर भाषांतले पर्याय त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. त्या दृष्टीचा वारसा आपल्या घरात चालवता येईल. मुलांना साखर आणि खांड, खडा आणि कांकरो, हे सगळे शब्द द्या, आणि त्यांचं नातंही सांगा. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला एकही भाषा टाकावी लागत नाही.