कमान, क्रेन आणि दोन दोऱ्या
(मानसरोवर येथे मंडळाच्या उत्सवपूर्व सभेत केलेले भाषण)



दरवर्षी माझ्याकडे आभारप्रदर्शन असते. यंदा बोलायला सांगितले, तेव्हा जे काम आयुष्यभर केले त्यावरच बोलतो. वजने उचलणे, म्हणजे क्रेनने.

गेल्या वर्षी आपली लोखंडी कमान हायड्राने आणली. कमान हवेत, हायड्रा चालू, आणि आपली सहा-सात मुले कमानीला हात लावून बरोबर चालत होती. मोरयाचा गजर चालला होता. मी चहाचा कप घेऊन उभा होतो. मला सगळे दिसत होते, पण सणाच्या दिवशी कशाला टोकायचे म्हणून गप्प राहिलो. काही झाले नाही. रात्री मात्र झोप लागली नाही. तरुणपणी एका साइटवर असाच गप्प राहिलो होतो, तेव्हा आमच्या एका खलाश्याचा पाय गेला होता.

लोक विचारतात, क्रेन किती टनांची? चौदा टनांची क्रेन चौदा टन उचलते ती बूम आखूड आणि वजन अगदी जवळ असताना. बूम लांबवली की ताकद झपाट्याने उतरते.

त्याहून फसवी गोष्ट स्लिंगची. दोन टनांची वस्तू दोन स्लिंगांनी उचलली, म्हणजे प्रत्येकीवर एक टन, असे आपण धरतो. स्लिंगा सरळ उभ्या असतील तरच हे खरे. आडव्या रेषेशी 60 अंशांचा कोन असेल तर प्रत्येकीवर सुमारे 1.15 टन, 45 अंशांना 1.4, आणि 30 अंशांना पूर्ण 2 टन! वजन तेच, फक्त स्लिंगा आखूड घेतल्या. आमच्या सौ. ना हे गणित न शिकता येते. गच्चीवरची दोरी फार ताणून बांधली तर ओल्या सतरंजीने तुटते, जरा झोळ ठेवला तर टिकते.

आपली मेट्रो मानसरोवरहून चांदपोलपर्यंत 3 जून 2015 ला सुरू झाली, ती आपण रोज वापरतो. पण दिल्ली मेट्रोच्या कामावर 12 जुलै 2009 ला जमरूदपूरला काय झाले, ते आठवा. गर्डर कोसळून माणसे गेली. दुसऱ्या दिवशी तोच मलबा उचलायला आणलेल्या क्रेनही उलटल्या. वजनाचा नेमका अंदाज नसताना अनेक क्रेननी मिळून उचलणे सर्वांत अवघड. एक क्रेन ढिली पडली की तिचा वाटा त्याच क्षणी शेजारणीवर जातो.

यंदा कमान येईल तेव्हा तिच्या दोन टोकांना दोन लांब दोऱ्या बांधू. मुलांनी दोरी धरायची, कमान नाही. आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही. कमानीखाली कोणी नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. चालकाला इशारा एकानेच द्यायचा. "थांबा" मात्र कोणीही म्हणावे, लहान मुलानेही, आणि चालकाने थांबावे. गजर कमान टेकल्यावर करू, म्हणजे ते "थांबा" ऐकू येईल.

दोऱ्या मी आणून ठेवल्या आहेत. सुताच्या आहेत, जाड. अध्यक्षसाहेब, पावती खजिनदारांकडे दिली आहे.