ठराव वहीतलं हसू

भाकरी थापत ऐकत असाल तर हात चालू राहू द्या, रेडिओचा तेवढाच तर फायदा आहे.

आज मी हप्त्यावर बोलणार नाही, शेळीच्या विम्यावरही नाही. आज लिहिण्यावर बोलायचंय, आणि त्यातही गमतीचं लिहिण्यावर. मला लेखिका व्हायचंय. हे मी गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा जरा वेळ सगळ्या गप्प बसल्या. मग एकीनं विचारलं, "त्याला अनुदान हाय का गं?"

अनुदान नाही. भांडवल मात्र फुकट आहे. शहरातले लेखक सांगतात, लिहायला एकांत लागतो. मला एकांत मिळाला की झोप लागते. मला सुचतं ते वडापमध्ये. मांडीवर दुसरीचं पोर, पायाशी पिशवीत कोंबडी, आणि मागच्या सीटवर दोन जावांचं असं भांडण रंगलेलं, की आपलं गाव आलं तरी उतरू वाटत नाही. उतरल्या उतरल्या मी तिकडंच पारावर बसून दोन ओळी खरडते. घरी पोचेपर्यंत थांबलं की संपलं. घरी गेल्यावर दळण, पाणी, पोरांचा अभ्यास, आणि सुचलेलं गेलं वाऱ्यावर.

बी.ए.ला मी निबंध पुष्कळ लिहिले. पण वाक्य बांधायला शिकले ती ठराव वहीत. तुम्हाला माहितीच आहे ती भाषा : विषय, चर्चा, ठराव, सूचक, अनुमोदक. एका दुपारी मी तीच भाषा घराला लावून बघितली. ऐका.

"विषय क्रमांक ४ : जेवणानंतर घरातील कर्त्या पुरुषाने ताट जागेवर सोडून उठणे. विषयावर सविस्तर चर्चा झाली. यापुढे ज्याने त्याने आपले ताट मोरीत नेऊन ठेवावे, असे सर्वानुमते ठरले. सूचक : सून. अनुमोदक : सासू. कर्ता पुरुष चर्चेवेळी हजर होता, परंतु झोपलेला होता."

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या, आणि म्हणाल्या, "कुठं सही करू?" ताट लगेच मोरीत जायला लागलं असं काही झालं नाही. पण आता ताट सोडून उठताना माणूस आधी इकडंतिकडं बघतो. हेच मी भांडून सांगितलं असतं तर आठ दिवस अबोला झाला असता.

आता तुम्ही म्हणाल, विनोद तर रोज मोबाईलवर शंभर येतात. येतात. बायको जाडी, बायको बडबडी, बायको साड्याच घेती. हे विनोद लिहिणाऱ्यानं एकही बायको नीट बघितलेली नाही असं माझं मत आहे. आमच्या गटातल्या बारा जणींत साड्यांवर उधळणारी एकही नाही. तसले विनोद कुठल्याही बाईवर चालतात, म्हणून ते खऱ्या कुणाबद्दलच नसतात.

खरं हसू कसं असतं ते बघायचं तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मिळवा. वाचनालयात हमखास असतं. लक्ष्मीबाई १८६८ सालच्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळेत गेल्या नाहीत, लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात मीठसुद्धा धुवून घ्यायचे! नवरा मोठा कवी, पण घरात पैसा टिकू द्यायचा नाही. पुढं त्यांनी धर्म बदलला आणि काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. एवढं सगळं सोसलेली बाई ते सांगते कशी? तर हसत. वडिलांना हसते, नवऱ्याला हसते, सगळ्यात जास्त स्वतःला हसते. दुःख लपवत नाही, पण कुणी आपली कीव करावी असंही तिला वाटत नाही. पुस्तक वाचताना मी हसत होते आणि मधेच लक्षात आलं, अरे, ह्या पोरीचे हाल चाललेत.

आणि वेळ नाही म्हणणाऱ्यांनी फलटणच्या बेबीताई कांबळेंना आठवावं. छोटं दुकान चालवत त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं, आणि कैक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. लिहिण्याची चोरी करावी लागणं म्हणजे काय, ते आपल्यातल्या बऱ्याच जणींना सांगायची गरज नाही.

गावात राहून गमतीचं लिहायचं तर एक अडचण मोठी आहे. नाव बदललं तरी गाव ओळखतं. "एका बाईची म्हैस" म्हटलं की म्हशीवरून बाई कळते. म्हणून मी नेम केलाय : जिची गोष्ट, तिला आधी वाचून दाखवायची. ती हसली तर ठेवायची. नुसती तोंडदेखलं हसली तर पान फाडायचं. एकीनं स्पष्ट सांगितलं, "माझ्या घरात हे कळलं तर मला मार बसंल." ती गोष्ट माझ्याकडं असलेल्यांत सगळ्यात भारी होती. ती मी लिहिलेली नाही, आणि आजही सांगणार नाही.

आपल्या आज्यांकडं ह्यावर तोड होती. जातं. पहाटे घरघर चालू असताना सासूबद्दल, नणंदेबद्दल, आळशी नवऱ्याबद्दल ओवीत काय ते बोलून घ्यायचं. म्हणायला गाणं, म्हणून कुणी पकडायचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ ह्या दोघांनी सोबत्यांना घेऊन गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या उतरवून घेतल्या. जातं गेलं, चक्की आली. चक्कीवर पीठ लवकर होतं, पण तिथं बोलता येत नाही, ऐकूच येत नाही.

आणि बहिणाबाई चौधरी. असोद्याची लेक, अक्षर येत नव्हतं. काम करता करता त्या गाणं रचायच्या, मुलगा सोपानदेव आणि एक नातलग ते कागदावर घ्यायचे. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. घरात लिहून घेणारं कुणी नसतं तर?

आमच्या गटातल्या एक आजी मागच्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्यासारखा उखाणा घेणारी मी बघितली नाही. ऐन वेळी, समोरच्या माणसाला बघून रचायच्या, आणि गाडी अडवणाऱ्या मेहुण्यांना पळता भुई थोडी व्हायची. आमच्या वहीत त्यांचे अंगठे आहेत. दर महिन्याचे, तारखेसकट, निळ्या शाईत. उखाणा एकही नाही.

त्यांच्या तेराव्यानंतरच्या बैठकीत एक दोनशे पानी वही घेतली, स्टेशनरीच्या खर्चातून. एकीनं हरकत घेतली, तीही नोंदवली. जिला अक्षर येतं तिनं लिहायचं, जिला येत नाही तिनं बोलायचं. म्हणी, उखाणे, शिव्यासुद्धा. बैठकीनंतर पंधरा मिनिटं. पहिले दोन मंगळवार कुणाला काही सुचलं नाही, सगळ्या एकमेकींकडं बघून लाजत बसल्या. तिसऱ्या मंगळवारी चहा ठेवला, तेव्हा गाडी सुरू झाली.

पहिलं पान एका मावशींनी भरलंय. ते आज इथं वाचू का म्हणून परवानगी मागितली, तर म्हणाल्या, "त्या वेळंला माझी सून रेडिओ लावती का, ते आधी बघून ये."

बघून आले. लावते. नमस्कार.